गिअरबॉक्स-मोटर बदलल्यावर रणगाडा वळताना बंद पडतो? आधी अँपिअर मोजा

१/१६ मापाचा रेडिओ कंट्रोल रणगाडा सरळ झकास पळतो. जागेवर वळवायला गेलं की एक झटका बसतो, दिवे विझतात, इंजिनाचा आवाज तुटतो आणि क्षणभराने स्टार्टरचा आवाज येऊन गाडी पहिल्यापासून सुरू होते. काहींची गाडी अशी बंद पडत नाही, पण दहा-पंधरा मिनिटांनी एका बाजूचा पट्टा थंडावतो आणि ती एकाच दिशेला गोल फिरत राहते. काहींचा बोर्ड, म्हणजे मोटर, दिवे आणि आवाज सांभाळणारं सर्किट, कायमचा जातो. संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, जिथून फोन येतो तिथली तक्रार हीच असते. बहुतेक वेळा ती सुरू झालेली असते स्टीलचा गिअरबॉक्स आणि जास्त फेऱ्यांची मोटर टाकल्यानंतर, म्हणजे चांगले पैसे खर्च झाल्यानंतर. मग माणूस बोर्डाला दोष देतो, नवा बोर्ड मागवतो, आणि तोही तसाच वागतो.

बोर्ड बिचारा शेवटच्या टोकाला असतो. खरं दुखणं असतं ते मोटर किती करंट ओढते यात, आणि मोटर किती ओढणार हे गिअरबॉक्स, पट्टे आणि जमीन मिळून ठरवतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी घर्षण कमी करा, मग गिअरचं गुणोत्तर (मोटरच्या किती फेऱ्यांना पट्टा ओढणाऱ्या चाकाची एक फेरी) बघा, मग बॅटरी आणि वायरिंग, त्यानंतर मोटर, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. आपल्याकडे खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते, कारण मोटर स्वस्त असते आणि बदलायला सोपी असते.

वळताना भार किती वाढतो

आकडे घेऊन बघू, म्हणजे अंदाजाला जागा राहणार नाही. समजा धातूचे पट्टे आणि चाकं टाकून गाडी साडेचार किलोची झाली, म्हणजे साधारण ४४ न्यूटन वजन. पट्टा जमिनीला टेकतो ती लांबी २४ सेंटिमीटर, दोन पट्ट्यांमधलं मधोमध अंतर १६ सेंटिमीटर. सरळ जाताना फक्त लोळण्याचा विरोध असतो. वजनाच्या आठ टक्के धरला तरी साडेतीन न्यूटन, म्हणजे एका पट्ट्यावर पावणेदोन.

आता जागेवर वळा. पट्टा आडवा घासत जातो. घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर वळण्याला होणारा विरोध म्हणजे गुणांक गुणिले वजन गुणिले टेकलेली लांबी भागिले चार: ०.६ × ४४ × ०.२४ ÷ ४, म्हणजे जवळपास १.६ न्यूटन-मीटर. तो दोन पट्ट्यांमधल्या १६ सेंटिमीटरने भागा. प्रत्येक पट्ट्याला १० न्यूटन, म्हणजे एक किलोचा जोर लावावा लागतो. सरळ जाण्यापेक्षा पाचपटीहून जास्त. फरशीवर हे असं; सतरंजीवर किंवा गवतावर गुणांक वाढतो आणि आकडा आणखी चढतो. गाडी सरळ जाताना ठणठणीत आणि वळताना मरगळलेली का, याचं उत्तर इथेच आहे.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. रुंद आणि आखूड टेकणारा रणगाडा सहज वळतो, लांब आणि अरुंद टेकणारा कष्टाने वळतो. त्यामुळे एकाच मोटर-गिअरबॉक्सची जोडी एका मॉडेलमध्ये गार राहते आणि दुसऱ्यात तापते. मित्राच्या गाडीत चाललं म्हणून माझ्यात चालेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

टी-७२ चालवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे तो मॉडेल हौसेने घेतला जातो. आपल्या सैन्यातला 'अजेय' तोच. खऱ्या टी-७२ मध्ये प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र प्लॅनेटरी गिअरबॉक्स असतो, सात पुढचे गिअर आणि एक मागचा. वळताना आतल्या बाजूचा गिअर एक पायरी खाली येतो, आणि पहिल्या गिअरमध्ये असेल तर आतला पट्टा ब्रेकने थांबतो. एक पट्टा पुढे, दुसरा मागे असं जागच्या जागी गरकन फिरणं त्या रणगाड्याला जमतच नाही. मग मॉडेललाही तसंच वळवा: एक पट्टा थांबवा, दुसरा चालवा. चालणाऱ्या पट्ट्यावरचा जोर जवळपास तितकाच राहतो, पण मोटर एकच ओढत असते, म्हणून बॅटरीवरचा भार निम्म्याच्या आसपास येतो. गाडी खऱ्यासारखी दिसते आणि बोर्ड वाचतो. पैसा न घालता होणारी सगळ्यात चांगली सुधारणा हीच, असं मी मनापासून म्हणेन.

जास्त फेऱ्यांची मोटर काय करते

ब्रशच्या डीसी मोटरचा एक साधा नियम आहे. एका व्होल्टला जितक्या जास्त फेऱ्या, तितका एका अँपिअरला कमी पीळ (टॉर्क). ७.२ व्होल्टला मिनिटाला १६ हजार फेऱ्यांची मोटर एका अँपिअरमागे साधारण ४.३ मिलिन्यूटन-मीटर पीळ देते. २५ हजार फेऱ्यांची देते २.७५. आता वरचा १० न्यूटन घ्या, साडेचार सेंटिमीटर व्यासाचं स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक), एकूण गुणोत्तर २७ ला १ आणि गिअरबॉक्सची कार्यक्षमता ७० टक्के धरा. मोटरला १२ मिलिन्यूटन-मीटरच्या आसपास पीळ द्यावा लागतो. पहिली मोटर त्यासाठी बिनभाराचा करंट धरून सव्वातीन अँपिअर घेईल. दुसरी सव्वापाच. दोन मोटरींचे मिळून साडेसहाच्या जागी साडेदहा. काम तेवढंच झालं, फक्त तापमान वाढलं.

आणि हा झाला फिरत्या मोटरचा हिशेब. सुरुवातीच्या क्षणी मोटर थांबलेली असते, तेव्हा करंट ठरवते फक्त तिची रेझिस्टन्स. अर्ध्या ओहमची मोटर ७.४ व्होल्टला १५ अँपिअरच्या घरात ओढते. दोन मोटरी एकदम उलट-सुलट सुरू केल्या की ३०. जुनी निकेल बॅटरी, पातळ वायर आणि ढिला प्लग मिळून पाव ओहम होत असेल, तर साडेदहा अँपिअरलाच अडीच व्होल्टहून जास्त गळतात. ७.२ चे राहिले साडेचार. रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाला) स्थिर पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर उभा राहणार कशावर? तो पडतो, मोटर थांबते, भार जातो, व्होल्टेज परत वर येतं आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. 'स्टार्टरचा आवाज' म्हणून जो ऐकू येतो तो हाच प्रकार.

फेऱ्यांची हौस किती करावी यालाही माप आहे. टी-७२ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर धावतो. त्याला १६ ने भागा: ताशी पावणेचार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटरहून जरासं जास्त. साडेचार सेंटिमीटरच्या स्प्रॉकेटला मिनिटाला सुमारे ४४० फेऱ्या पुरतात. भाराखाली १२ हजार फेऱ्या देणाऱ्या मोटरला २७ ला १ गुणोत्तर झालं. गाडी याहून वेगाने पळत असेल तर ती खऱ्याच्या प्रमाणाबाहेर पळते आहे, आणि तो वेग तुम्ही करंट देऊन विकत घेता आहात. त्याऐवजी गुणोत्तर ४० ला १ नेलं, तर पहिल्याच मोटरीचा वळतानाचा करंट सव्वातीनवरून अडीचवर उतरतो. म्हणून गिअरबॉक्स निवडताना दोन पर्याय दिसले की हळू चालणारा घ्या. घेताना बाहेर येणाऱ्या शाफ्टची लांबी मात्र आपल्या मॉडेलशी जुळवून घ्या. वेगवेगळ्या रणगाड्यांना आखूड-लांब शाफ्ट लागतो आणि चुकीचा आला तर स्प्रॉकेट पट्ट्याच्या रेषेत येत नाही.

मोजायचं कशाने

वायरमनकडचा क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही. बहुतेक साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. बॅटरीच्या वायरीवर लावला की शून्य दाखवतात आणि माणूस समजतो सगळं ठीक आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा, नाहीतर बॅटरी आणि बोर्डाच्या मध्ये बसवायचा छोटा वॉटमीटर घ्या. आरसी विमानवाले तोच वापरतात, कमीत कमी व्होल्टेज आणि जास्तीत जास्त करंट लक्षात ठेवतो, आणि आपल्याला हवे ते नेमके हेच दोन आकडे. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खोबणीतून वळणाचा करंट मोजू नका, फ्यूज उडतो. व्होल्टेज बघायलाही साधा मीटर अपुरा पडतो. डुबकी इतकी छोटी असते की त्याचा आकडा हलेपर्यंत ती संपलेली असते.

मोजणी टप्प्याटप्प्याने करा. पट्टे काढून, गाडी ठोकळ्यावर ठेवून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवा. चांगल्या गिअरबॉक्सला ३८० मापाच्या (३८० हा मोटरच्या आकाराचा नंबर) साध्या मोटरीसह एक अँपिअरच्या आसपास लागतो. त्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा: एका बाजूला ०.९ आणि दुसऱ्या बाजूला १.६ दिसलं की पुढे जायचंच नाही, तो गिअरबॉक्स उघडायचा. नंतर पट्टे चढवून, पुन्हा ठोकळ्यावरच मोजा. पट्ट्याने आकडा दीडपटीहून वर गेला तर पट्टा जास्त ताणलेला आहे किंवा एखादं चाक अडतंय. त्यानंतर फरशीवर सरळ, मग फरशीवर वळण, मग सतरंजी. कुठल्या पायरीवर आकडा उडी मारतो ते बघा, दोष त्या पायरीत आहे.

पट्ट्याच्या ताणाबद्दल: नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासूनचं, बीड-संभाजीनगरकडून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी परतता येतं. तिथे उभ्या रणगाड्यांचे पट्टे डोळे भरून बघा. वरचा पट्टा तारेसारखा ताणलेला नसतो, त्याला झोळ असतो. टी-५५ सारख्या परतीचे रोलर नसलेल्या रणगाड्यात तर तो सरळ चाकांवर टेकलेला असतो. मॉडेलमध्येही तेवढा सैलपणा ठेवा.

गिअरबॉक्स उघडल्यावर

मागे नांदेडच्या एका कॉलेजच्या मुलाचा फोन आला. "काका, मोटर एक नंबर टाकली, बॅटरी नवी टाकली, तरी वळताना बंदच पडायलाय हो." गाडी घेऊन ये म्हणालो. आला तेव्हा गिअरबॉक्स अजून एकदाही उघडलेला नव्हता. पाकिटातून काढून तसाच बसवलेला. पट्टा सोडून स्प्रॉकेट बोटाने फिरवलं तर एका फेरीत एकदा अडखळायचं, दर वेळी त्याच जागी. उघडला. ग्रीस फक्त वरच्या गिअरला, तेही काळपट. बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात बारीक चमक होती, दातांच्या मशिनिंगची कीस. दुसऱ्या गिअरच्या एका दाताच्या कडेवर नखाला लागेल एवढा फुगवटा, म्हणजे बर (कापताना राहिलेली कड). तो बर दर फेरीला समोरच्या दातावर चढत होता.

काम काही अवघड नव्हतं. सगळे गिअर काढून ब्रेक क्लीनरने धुतले, जुन्या टूथब्रशने दातांच्या मुळाशी घासले. बर सुई-कानशीने दोन हलक्या हातांनी काढला, वर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. शाफ्ट पुढे-मागे हलत होता तिथे पातळ वॉशर घालून हालचाल केसाएवढी ठेवली. अगदी आवळली तर बाजूचं घर्षण वाढतं. जोडताना पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) आणि पहिल्या गिअरच्या मध्ये साध्या छपाईच्या कागदाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू घट्ट केले आणि पट्टी ओढून घेतली. कागदावर दातांच्या घड्या उमटल्या पण तो फाटला नाही तर अंतर बरोबर. फाटला तर पिनियन जास्त घुसलेलं आहे. हे अंतर शून्य ठेवलं की गिअर गार्रर्र करतात, करंट वाढतो आणि पिनियन झिजतं. फार ठेवलं की दात उडतात.

धुतल्यावर त्याच गाडीचा पट्टे काढून मोजलेला करंट अडखळणाऱ्या बाजूला दुसऱ्या बाजूइतका आला. पोराने तेव्हाच विचारलं, "मग मोटर वाया गेली का?" वाया नाही, पण तिची गरज नव्हती. आधीची ३८० परत बसवून तो गेला.

वंगणाचं आपल्या भागात विशेष बघावं लागतं. आपली काळी माती ओली असताना पट्ट्यात गोळे धरते आणि उन्हाळ्यात पीठ होऊन उडते. उघड्या गिअरबॉक्सला भरपूर ग्रीस थापलं की ही धूळ त्यात बसते आणि ग्रीसचं व्हॉल्व्ह घासायचं पेस्ट होतं. म्हणून दातांना लिथियम ग्रीस अगदी पातळ थराने लावा, बुशिंगमध्ये (शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्यात) मशीन ऑइलचा एक थेंब. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा पातळ तेल ओघळून मोटरच्या कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलावर) गेलं तर ब्रश जळतात, म्हणून थेंब म्हणजे थेंबच. गिअरबॉक्सवर पातळ प्लास्टिक पत्र्याचं झाकण केलं तर फार बरं. आणि काळ्या रानात गाडी घालण्यापेक्षा मुरमाच्या जागेवर चालवा. फक्त स्प्रॉकेट आणि पट्ट्यात खडा अडकला की लगेच थांबा. अडकलेला खडा म्हणजे रोटर जाम, आणि रोटर जाम म्हणजे वरचे १५ अँपिअर.

आणखी एक. स्टीलचा गिअरबॉक्स प्लास्टिकच्या तळात बसवला की जोर पडल्यावर तळ वाकतो, शाफ्ट तिरका होतो, आणि ठोकळ्यावर उत्तम दिसणारी गाडी जमिनीवर अडकते. शाफ्ट तळातून बाहेर येतो तिथे बॉल बेअरिंग आणि आतून दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी लावा. वाळूजसारख्या एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपच्या मिस्त्रीला मोकळ्या वेळी गाठलं तर उरलेल्या तुकड्यातून ती करून मिळते.

मोटर बदलायचीच असेल तर

सगळं करूनही गाडी जड वाटत असेल तर मोटरकडे या. ३८० मापाच्या मोटरीचा शाफ्ट २.३ मिलिमीटर, बसवायचे स्क्रू एम २.५. स्क्रूची लांबी तपासा, हे फार लोक विसरतात. लांब स्क्रू मोटरच्या आत जाऊन वाइंडिंगला घासतो. मोटर फिरते, पण तापते आणि थोड्या दिवसांत शॉर्ट होते. गिअरबॉक्सच्या पत्र्याची जाडी आणि वर दोन-अडीच मिलिमीटर, एवढाच स्क्रू हवा.

टायमिंग पुढे केलेली (ब्रश एका दिशेच्या वेगासाठी थोडे सरकवलेले) रेसिंग मोटर रणगाड्याला घेऊ नका. दोन्ही बाजूंचे गिअरबॉक्स एकमेकांचे आरसे असतात, त्यामुळे पुढे जाताना एक मोटर घड्याळाच्या दिशेने फिरते आणि दुसरी उलट. टायमिंग एकाच दिशेसाठी पुढे केलेलं असेल तर एक बाजू वेगाने पळते, दुसरी मागे राहून जास्त करंट खाते, आणि गाडी कायम एका अंगाला ओढते. बोर्डावर ट्रिम देऊन हे झाकता येतं, बरं करता येत नाही. दोन्ही मोटरी एकाच लॉटच्या, शून्य टायमिंगच्या घ्या आणि बसवण्याआधी दोन-तीन व्होल्टवर बिनभार चालू ठेवा, म्हणजे ब्रश कम्युटेटरवर नीट बसतात.

कपॅसिटर लावल्याशिवाय मोटर गाडीत घालू नका. १०४ छापलेले सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, एका मोटरीला तीन: एक दोन टोकांमध्ये, आणि प्रत्येक टोकापासून डब्याला एकेक. डबा आधी पॉलिश पेपरने घासा आणि ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरा. २५ वॉटच्याने डबा तापत नाही, सोल्डर नुसतं चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या धक्क्याला सुटतं. मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून न्या. नंतर मल्टिमीटरने टोक आणि डबा यांच्यात कंटिन्युइटी बघा. बझर वाजायला नको. तळ धातूचा असेल तर हे दोनदा बघा, कारण दोन्ही मोटरींचे डबे तळातून एकमेकांना जोडलेले असतात आणि दोन्ही मोटरींचं एकेक टोक डब्याला लागलं की बोर्डातली मोटर चालवणारी बाजू त्याच क्षणी जाते.

बॅटरी आणि वायरी

मोटर-गिअरबॉक्स ठीक असूनही वळताना बोर्डाच्या तोंडाशी व्होल्टेज सहाच्या खाली जात असेल तर चोर बॅटरी आणि बोर्डाच्या मधे आहे. हात लावून बघा. नुकत्याच चालवलेल्या गाडीत प्लग बोटाला चटका देत असेल तर तो बदला. पांढऱ्या दोन पिनांच्या प्लगात पिना ढिल्या होतात. एक्सटी-६० किंवा एक्सटी-३० प्रकारचा प्लग लावा, बॅटरीपासून बोर्डापर्यंतची वायर जाड आणि आखूड करा, गाडीचा स्विच अगदीच बारका असेल तर तोही बदला. बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होण्याचे, म्हणजे रीसेटचे, अनेक प्रकार एवढ्यानेच गेलेले आहेत.

दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेतली तर फरक लगेच जाणवतो. ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्जला ८.४, आणि बॅटरी, वायर, प्लग मिळून रेझिस्टन्स निकेलच्या मानाने फार कमी. पण जुने बोर्ड निकेल बॅटरी धरून बनलेले असतात. लिपो उतरल्यावर ते स्वतःहून थांबत नाहीत. बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलची वायर येते त्या छोट्या प्लगला) लावायचा छोटा बझर घ्या आणि सेलमागे साडेतीन व्होल्टवर ठेवा. निकेलचा चार्जर लिपोला चुकूनही लावू नका. उन्हाळ्यात गाडी बंद चारचाकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची असेल तर बॅटरी काढून घरात न्या. वापरायची नसेल तेव्हा सेल ३.८ च्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेली लिपो आपल्या उन्हाळ्यात पडून राहिली की फुगते.

लिपो टाकली की फ्यूज टाकलाच पाहिजे. निकेल बॅटरी दमते, लिपो दमत नाही. शॉर्ट झाल्यावर वायर लाल होईपर्यंत देत राहते. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पात्याचा फ्यूज आणि त्याचा होल्डर मिळतो. वळताना गाडी आठ-नऊ अँपिअर घेत असेल तर १५ चा, निळा, लावा. तो उडाला तर मोठा लावायचा नाही, का उडाला ते शोधायचं.

पाच व्होल्टच्या लाइनवर मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावून रीसेट थांबवण्याचा उपाय बरेच जण सांगतात. हजार-दोन हजार मायक्रोफॅरडने क्षणभराची डुबकी भरून निघते, हे खरं. पण करंट जास्त जातोय हे दुखणं तसंच राहतं आणि बोर्ड तापत राहतो. लावा, पण मोजणी करून झाल्यावर.

इलेक्ट्रॉनिक्स

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण वरचं सगळं झालं असेल तर बहुतेकांना मूळ बोर्ड पुरतो. धुराचं यंत्र आत गरम तार तापवून चालतं आणि चांगलाच करंट खातं; तपासणी करताना त्याची वायर काढून ठेवा.

बोर्ड सोडून दोन वेगळे ब्रश ईएससी (मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारे कंट्रोलर) लावायचे ठरवलं तर तीन गोष्टी पाळा. एक, कारसाठीचे पुष्कळ ईएससी मागे जायला आधी ब्रेक मारतात आणि स्टिक दुसऱ्यांदा ओढल्यावरच मागे जातात. असा ईएससी रणगाड्याला चालत नाही, क्रॉलर किंवा बोट मोड असलेला, ताबडतोब उलटा फिरणारा हवा. दोन, दोन्ही ईएससींमधून रिसीव्हरला पाच व्होल्ट येतात, म्हणून एकाच्या प्लगमधली लाल वायर काढून टेपने बंद करा, नाहीतर दोन रेग्युलेटर एकमेकांशी भांडत तापतात. तीन, डावा-उजवा मिक्स (एका स्टिकवरून दोन्ही पट्टे चालवण्याची जोडणी) रिमोटमध्येच करा; एलेव्हॉन किंवा व्ही-टेल मिक्स असलेला कुठलाही रिमोट चालतो, आणि त्यातच वळणाचा जोर ६०-७० टक्क्यांवर आणा.

सगळं मोजून झालं, वळताना व्होल्टेज साडेसहाच्या खाली येत नाही, मोटरी गार आहेत, तरीही गाडी मधेच थांबते, असं एक प्रकरण उरतं. त्यात गाडी जवळ असताना चालते आणि आठ-दहा मीटरवर गेली की अडते. ते करंटचं काम नाही. धातूचा तळ टाकताना रिसीव्हरची अँटेना आत दबून राहिलेली असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी धातूतून आत जात नाहीत. अँटेनाचं शेवटचं तीन सेंटिमीटर टोक, जिथे वरचं आवरण काढलेलं असतं ते, प्लास्टिकच्या बुरुजात सरळ उभं करून टेपने चिकटवा, मोटरच्या वायरींपासून लांब. बुरूज गोल फिरताना ओढलं जाणार नाही एवढी वायर मोकळी सोडा.